दोन मंडळ्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्ये दोघा-तिघांनी मेल करून विचारलंही, "काय गं, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नाही, पण गेल्या वर्षभरात वाईच्या इतक्या फेऱ्या झाल्या की शनिवार-रविवार असा उरलाच नाही. आता फेऱ्या कशासाठी, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. तेव्हा मंडळी, आज जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात या 'मंडळी' शब्दापासूनच करते.

तुम्ही सगळे वाचणारे, ती एक मंडळी झाली. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचा उल्लेख 'आमची मंडळी' असा करायचे, ती दुसरी. आणि आमच्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये मंडळी म्हणजे चर्च. चर्चची इमारत नव्हे हं, तिला आमची आजी 'देऊळ'च म्हणायची. त्या देवळात जमणारी माणसं म्हणजे मंडळी. वाईची मंडळी, साताऱ्याची मंडळी, नगरची मंडळी.

तर झालं असं होतं की पप्पांच्या शाळेतले एक सर एकदा गणपती घाटावर भेटले. मी पाचवी-सहावीत असेन, पप्पांच्या सायकलच्या दांड्यावर बसलेले. सरांनी विचारलं, "काय सर, मंडळी बरी आहे ना?" त्यांना अर्थातच आई म्हणायची होती, कारण आदल्या आठवड्यात आईला टायफॉईड झाला होता. पप्पा म्हणाले, "बरी आहे की, परवाच्या रविवारी शहाण्णव जण होते!"

हा किस्सा आमच्या घरात वर्षानुवर्षं सांगितला गेला. पाहुणे हसायचे, आम्ही भावंडं हसायचो, पप्पा स्वतः सगळ्यात जास्त हसायचे. आई हसायची की नाही, हे आठवायचा प्रयत्न करतेय आणि मला आठवत नाहीये.

*

वाई म्हटलं की लोकांना ढोल्या गणपती आठवतो, कृष्णेचे घाट आठवतात, विश्वकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आठवतात, आणि हल्ली 'स्वदेस'चं मेणवलीतलं शूटिंग. वाईत मिशनही होतं, हे सांगितलं की पुण्यातले लोक अजून चकित होतात. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८३१ मध्ये नगरला गेली, आणि पुढे सातारा-वाईकडे आली. वाईत त्यांनी दवाखाना काढला. कागदोपत्री तो विलिस पिअर्स मेमोरियल हॉस्पिटल, पण गावासाठी 'मिशन हॉस्पिटल'. आमची आजी तिथे दाई होती. अर्ध्या तालुक्याला आपल्या हातांनी बाहेर काढलंय, असं ती अभिमानाने सांगायची. आणि ते फार खोटंही नसावं.

मिशनरी होते तेव्हा सेवा हे पगारी काम होतं. फार पगार नसे, पण साहेब असत, बंगला असे, अमेरिकेतून येणाऱ्या देणग्या असत. हळूहळू साहेब परत गेले. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि कारभार इथल्या माणसांच्या हाती आला. पण गरीब माणसं काही साहेबांबरोबर बोटीत बसून गेली नव्हती! ती इथेच होती. मग त्यांचं बघायचं कोणी? तर शिक्षकांनी, नर्सबाईंनी, एसटीतल्या कंडक्टरांनी, बँकेतल्या क्लार्कनी. नोकरी सांभाळून, संध्याकाळी, रविवारी, पदरचं पेट्रोल जाळून.

आमच्या मंडळीत पाच-सहा जणांची अशी एक मदत समिती होती. पप्पा तिचे चिटणीस. बावीस वर्षं. पाळक बदलले, पंच बदलले, पप्पा तिथेच. समितीचं ऑफिस म्हणजे आमची पुढची खोली आणि कपाट म्हणजे आमच्या पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. महिन्याला सात-आठ विधवा बायकांना रेशन, पोरांच्या फिया, कुणाला चष्मा, कुणाला पुण्याला ससूनला नेणं. ख्रिस्तीच पाहिजे असं काही नव्हतं. पप्पा म्हणायचे, भूक काही बाप्तिस्म्याचा दाखला दाखवत नाही.

आणि दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भुईंजच्या कारखान्याचं गाळप सुरू झालं की बीड आणि नगरकडून तोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून फेडायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. हिशेब कोयत्याचा, आणि तो नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर फडात तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, संध्याकाळी वाढं विकते, रात्री पुन्हा चूल. हिशेबात ती वेगळी दिसतच नाही. एक दिवस आजारी पडली तर खाडा मात्र लागतो.

पाचटाच्या कोप्यांमध्ये ही माणसं राहतात. (आता पाचटावर निळं प्लास्टिक असतं, एवढाच फरक.) कृष्णाकाठची जानेवारीची थंडी ज्यांनी अनुभवलीय त्यांना कल्पना येईल. पप्पा पहाटे पाचला सायकलला दोन पिशव्या अडकवून निघायचे. फडावर जायच्या आत गाठलं नाही तर माणसं भेटत नाहीत, म्हणून. चादरी, पोरांचे स्वेटर, खोकल्याची औषधं. सातला परत, आंघोळ, आणि साडेदहाला शाळेत हजर. एक पैसा प्रवासखर्च त्यांनी कधी लावला नाही. हे मी मुलगी म्हणून सांगत नाहीये, हिशेब तपासून सांगतेय. का तपासला, ते पुढे येईलच.

*

१९९६ ची गोष्ट. मी नववीत. शाळेची कोकण सहल ठरली होती, तीन दिवस, रायगड ते गणपतीपुळे. साडेचारशे रुपये. मी समुद्र पाहिलेला नव्हता. आईने दोन महिने थोडे-थोडे करून पैसे जमवले होते आणि ते पप्पांकडे दिले होते, सोमवारी शाळेत भरायला.

रविवारी पाचवडच्या पुढे उसाची एक बैलगाडी उलटली. गाडीवरची बाई खाली सापडली. पप्पांना निरोप आला तेव्हा समितीच्या ट्रंकेत चाळीस रुपये होते.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मी सहलीला गेले नाही. पप्पांनी मला जवळ बसवून समजावलं. ते काय बोलले त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. बाईचा पाय वाचला होता. मी काय बोलणार? समुद्र हवा होता असं म्हणायचं, तर पाय नको होता असं म्हटल्यासारखं झालं असतं. चांगल्या माणसांच्या मुलांची ही एक पंचाईत असते हो. भांडायला जागाच नसते! वाईट वडिलांवर चिडता येतं, चांगल्या वडिलांवर चिडलं की आपणच वाईट ठरतो.

त्यात पप्पा मला मनोरमेचा दाखला द्यायचे. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा. केडगावला रमाबाईंनी 'मुक्ती' उभी केली, दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना आणलं, आणि मनोरमा शिकून परत आईच्याच कामाला लागली. शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. "बघ, तिने कधी तक्रार केली नाही," असं पप्पा म्हणायचे. मनोरमा चाळीस वर्षांची होऊन १९२१ मध्ये गेली, आईच्याही आधी. रमाबाई पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. तिने तक्रार केली नाही की तिची तक्रार कुणी लिहून ठेवली नाही, असं मी एकदा विचारलं होतं. पप्पा गप्प बसले. मग म्हणाले, "हा प्रश्न चांगला आहे." शिक्षक ना शेवटी!

*

पप्पांचे खरे दैवत मात्र रेव्हरंड टिळक. (ख्रिस्ती माणसाचं दैवत म्हणू नये, पण तुम्हाला समजलं.) ना. वा. टिळक कवी म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरला मिशनमध्ये काम केलं. पप्पांना भावायचं ते टिळकांचं शेवटचं पर्व. १९१७ साली त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं, संन्यासी वृत्तीने राहायचं ठरवलं, आणि आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना तिथे जागा. पगार घेऊन ख्रिस्ताचं काम करणारा माणूस आपल्या लोकांना परकाच वाटतो, असं त्यांना वाटू लागलं होतं. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले. दरबार काही पुढे वाढला नाही. पण पप्पांच्या दृष्टीने बिनपगारी सेवकाचा तो आदर्श होता.

आईकडे याच गोष्टीची दुसरी प्रत होती. शब्दशः दुसरी प्रत, म्हणजे लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने आलेलं ते पुस्तक आमच्या घरात शिवणाच्या मशीनच्या खणात असायचं, बॉबिन आणि खडूच्या शेजारी. टिळक धर्म बदलतात, लक्ष्मीबाई वेगळ्या राहतात, काही वर्षांनी संसारात परत येतात, आणि १९०० साली स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतात. नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे, स्वतःच्या पायांनी. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, घरात सतत दुसऱ्यांची माणसं, दुसऱ्यांची मुलं. हे सगळं त्या इतक्या हसत सांगतात की आपण हसतो, आणि पान उलटल्यावर लक्षात येतं की या बाईने त्या दिवशी स्वयंपाक कशाचा केला असेल?

पप्पा 'ख्रिस्तायना'बद्दल बोलायला लागले की आई आतून म्हणायची, "ते पूर्ण कुणी केलं तेही सांगा." कारण टिळकांचे सुरुवातीचे अकरा-एक अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने!

आम्हाला वाटायचं आई चेष्टा करतेय.

*

पप्पा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या आजारात त्यांना भेटायला कोपीतली माणसं बीडहून एसटीने आली होती. त्यातली एक बाई लंगडत होती. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ "आक्का, आक्का" करत रडली. पप्पांजवळ ती नंतर गेली. तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं.

वर्षश्राद्ध वगैरे आमच्यात नसतं, पण वर्षाने उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. त्यानंतर ट्रंक उघडली. पाळकसाहेबांना समितीचे हिशेब नीट लावून हवे होते आणि मी आयटीवाली, म्हणून काम माझ्याकडे. बावीस वर्षांच्या वह्या. पप्पांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेच्या बाजूला मंडळीचं अर्पण, हंगामाच्या सणाचा लिलाव, कुणाची देणगी. आणि दर महिन्याला, कधी महिन्यातून दोनदा, एक नोंद: 'हितचिंतक, २००'. 'हितचिंतक, १५०'. 'हितचिंतक, ७५'.

मी एक्सेलमध्ये सगळं भरत होते. म्हटलं, हा हितचिंतक कोण बाबा इतका नियमित?

आमची आई कालनिर्णय टाकून देत नाही. १९८० पासूनची सगळी माळ्यावर आहेत, दोऱ्याने बांधून. लाईट बिलाची एक जुनी तारीख बघायला मी ती काढली. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, माझ्या भावाची कांजिण्या. आणि मध्येच बारीक अक्षरात: 'फॉल-बिडिंग ६ साड्या. समिती २००.' 'परकर १४. समिती १५०.'

तारखा जुळवायला मला एक अख्खी रात्र लागली. एखादा अपवाद सोडला तर सगळ्या जुळल्या. आईच्या कालनिर्णयात आज, पप्पांच्या वहीत आज किंवा उद्या. बावीस वर्षांची बेरीज एकसष्ट हजार आठशे रुपये. आता ही रक्कम ऐकून कुणी म्हणेल यात काय मोठंसं. पण परकराची शिलाई बारा रुपये होती त्या काळात! तुम्हीच भागून बघा.

सकाळी मी आईला लॅपटॉप दाखवला. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "इतके झाले होय?" आणि भाजी निवडायला लागली.

थोड्या वेळाने म्हणाली, "तुझी सहल धरलीस का त्यात? साडेचारशे."

मी म्हटलं, "ते पप्पांनी 'स्वतः' म्हणून लिहिलेत."

"बरं," ती म्हणाली. "आणि त्या बाईला टाके पडले तेव्हा पाच रात्री दवाखान्यात तिच्याजवळ कोण बसलं होतं? ते कुठल्या रकान्यात येतं?"

मला हे माहीतच नव्हतं. मी सहल बुडाल्याच्या दुःखात आजीकडे जाऊन झोपत होते त्या आठवड्यात. आई कुठे होती, हे मी सत्तावीस वर्षांत विचारलं नव्हतं.

मी विचारलं, पप्पांनी तुझं नाव का नाही लिहिलं? आईने ते बरोबर समजावून सांगितलं, अगदी त्यांची बाजू घेऊन. दान गुप्त असावं, डाव्या हाताला कळू न देता उजव्याने द्यावं, ही प्रभूची शिकवण. स्वतःच्या घरातून गेलेल्या पैशाचा बोभाटा करायचा नाही, म्हणून हितचिंतक. "त्यांचं मन साफ होतं गं. त्यांनी स्वतःचीही फुशारकी कधी मारली नाही."

मग शेंगेचा दोरा काढता काढता म्हणाली, "पण ते दोन्ही हात एका माणसाचे नव्हते ना. उजवा त्यांचा होता. डावा माझा होता. मला विचारून गुप्त ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी."

*

मी त्या दिवसापासून पप्पांवर पुन्हा रागावले, आणि यावेळी जरा मोकळेपणाने. त्याने मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. आणि गंमत म्हणजे, रागावल्यावर ते मला जास्त आवडायला लागले. थंडीत पहाटे पाचला सायकल मारणारा माणूस खराच होता. फक्त तो एकटा नव्हता. आम्ही सगळ्यांनी त्याला एकटा समजून हार घातले.

बायबलात पहिल्या मदत समितीची गोष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोजचं अन्न वाटलं जायचं. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांना डावललं जातंय. मग सात जण निवडले, स्तेफन वगैरे. सातांचीही नावं दिली आहेत. विधवांपैकी एकीचंही नाव नाही. लहानपणापासून ऐकलेला उतारा, पण हे मला आईमुळे दिसलं. तीन अध्याय पुढे टबीथा येते. ती मेल्यावर विधवा रडत रडत तिने शिवलेले कपडे दाखवतात. तिची वही तीच! (आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मी मरायची वाट बघायची का?")

म्हणूनच पाळकसाहेबांनी जेव्हा मला फोन करून विचारलं, "ताई, तुम्ही समितीचं नेतृत्व घ्याल का? सरांची परंपरा आहे, तुमच्या घरातच राहू दे," तेव्हा मी म्हटलं, "घरातच राहील साहेब. पण तुम्ही चुकीच्या माणसाला फोन केलाय."

पलीकडे बराच वेळ शांतता. त्यांनी वाईट मानलं नाही, पण अडचण सांगितली. आईचं वय एकाहत्तर. शिक्षण सातवी. बाहेरची कामं, बँक, तहसील, हे कसं जमणार? आणि समितीतल्या पुरुषमंडळींना कसं वाटेल? शेवटचं त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं.

मी आईला विचारायला वाईला गेले. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "विचारायला पाळकांना येऊ दे. तू कशाला आलीस?"

ते आले. आईने त्यांना चहा दिला आणि तीन अटी सांगितल्या. एक, मीटिंग दुपारी चारला, जेवणाच्या वेळी नाही, कारण जेवणाच्या वेळी मीटिंग ठेवली की कुणाची तरी बायको स्वयंपाकघरात अडकते. दोन, देणाऱ्याने स्वतः सांगितलं तरच 'हितचिंतक' लिहायचं, नाहीतर नाव. शिवून दिलं, रांधलं, रात्री बसलं, तेही लिहायचं. तीन, कोपीवर जाताना पिशव्या भरून न्यायच्या नाहीत. आधी जाऊन विचारायचं.

तिसऱ्या अटीवर समितीत बरीच चर्चा झाली म्हणे. एक काका समिती सोडून गेले. ते पप्पांचे जुने मित्र, त्यामुळे आईला वाईट वाटलं. अजून वाटतं. रविवारी देवळात ते सलाम घेतात पण थांबत नाहीत.

*

गेल्या हंगामात मी अकरा वेळा गेले ते गाडी चालवायला. आई सायकलवर जाऊ शकत नाही ना. पहाटे पाच वाजता, धुक्यात, भुईंज रोडला. एका टोळीवर आईने विचारलं, काय पाहिजे? पुरुष म्हणाले, चादरी. बायका काही बोलल्या नाहीत. मग आई त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसली आणि मला म्हणाली, "तू गाडीत जाऊन बस." वीस मिनिटांनी आली. बायकांना हवे होते जाड कापडाचे परकर आणि आंघोळीला आडोसा. चार बांबू आणि ताडपत्री. बावीस वर्षं पप्पांनी स्वेटर नेले, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नसतं. सांगणार कसं, पुरुषमाणसाला?

समितीची नवी वही मी आणलीय. आईचं अक्षर पप्पांसारखं नाही, ओळ सोडून वर जातं. पण तिने एक रकाना वाढवलाय. टोळीची नोंद करताना 'एक कोयता' असं ती लिहीत नाही. नवऱ्याचं नाव, आणि त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, बायकोचं. एका बाईला नाव विचारलं तर ती नवऱ्याचं सांगायला लागली. आई म्हणाली, "ते लिहिलं. आता तुझं सांग."

मी अजून ठरवलेलं नाही की आईनंतर हे मी करणार का. माझीही मुलगी नववीत आहे, तिचेही शनिवार-रविवार मी गेल्या वर्षात बुडवलेत, आणि परवा ती म्हणाली, "आई, तू सारखी वाईलाच असतेस." मी समजावायला तोंड उघडलं. वाक्य अगदी तयार होतं, शब्द न् शब्द बरोबर. पण मग गप्प बसले आणि मे महिन्यात तिघी गणपतीपुळ्याला जाऊन आलो. आईनेही समुद्र पहिल्यांदाच पाहिला, हे मला तिथे गेल्यावर कळलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "साडेचारशेत हे दिसलं असतं होय तुला?"

असो. पुढच्या महिन्यात बॉयलर पेटेल, टोळ्या येतील. जाड परकराचं कापड स्वस्तात कुठे मिळेल हे कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. वहीत तुमचं नाव लिहिलं जाईल, एवढं मात्र नक्की.

आणि कुणी रस्त्यात भेटून मंडळी बरी आहे का म्हणून विचारलं, तर आधी घरात डोकावून या, मग उत्तर द्या.